बारीक अक्षर

नोट प्रेसमध्ये तेहतीस वर्षं
मी चुकलेली नोट शोधत होतो.
शाई पसरलेली, आकडा सरकलेला,
कडेला केसाएवढी रेघ.
एकही सुटली नाही माझ्या हातून, असं म्हणतात;
म्हणजे मीच म्हणतो, इंदूला, जेवताना.

आणि घरात,
चिवड्याच्या रिकाम्या डब्यात
गोळ्यांच्या पाकिटाखाली
कांद्याच्या पापुद्र्यासारखा तो कागद
चार महिने घडीत पडून होता.

ती खोकत होती.
कोरडा, रात्रीचा, सुई टोचत राहावी तसा.
आम्ही म्हणालो, नाशिकची थंडी.
मग म्हणालो, ओझरकडून येणारा फवारणीचा वास.
मग देवापुढची उदबत्ती बंद केली.
मग शेजारच्या निरभवणेबाईंनी
सुनेचं उरलेलं सिरप दिलं,
अर्धी बाटली, चिकट झाकणाची.
ते घेऊन इंदू दुपारभर झोपली
आणि उठून म्हणाली,
"भोंगा झाला? तुमचा डबा भरायचाय."
मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.

त्या रात्री मी कागद उघडला.
प्रेसचं भिंग प्रेसमध्ये जमा केलं,
हे मेन रोडच्या घड्याळजीकडचं.
मुंगीच्या पायांसारखी अक्षरं.
चक्कर. पुरळ. तोंडाची चव जाणे.
ओठ, जीभ सुजल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे.
एकेका शब्दाला मी मान वळवून
झोपलेल्या इंदूकडे बघायचो,
वाचता वाचता मलाच अंगभर खाजायला लागलं.
आणि घडी जिथे विरली होती, बरोबर तिथे:
कोरडा खोकला.

सापडली!
मनगटात तो जुना झटका आला,
खराब नोट बाजूला काढायचा.
पाकीट उचललं, कचऱ्याच्या डब्यावर धरलं.

इंदू जागीच होती.
"नोट रद्द करायला किती सह्या लागायच्या हो?"
"दोन."
"मग?"

सकाळी बिटकोजवळच्या दुकानात
हर्षाली पगारेनं कागद बघितला, मान हलवली.
"असू शकतं काका. पण मनानं बंद करू नका,
प्रेशर एकदम उसळी मारेल.
डॉक्टरांना फोन लावते. डबा आणलाय?"
डबा काउंटरवर पालथा झाला.
प्रेशरची. गुडघ्याची, भाच्याच्या लग्नात
कुणीतरी 'फार छान आहे' म्हणून दिलेली.
दोन पाकिटं मुदत संपलेली.
सिरप.
"गुडघ्याची रोज घेता?"
"दुखलं की. म्हणजे रोजच."
"ही प्रेशरच्या गोळीशी भांडते, काकू.
सांगितलंत डॉक्टरांना?"
"त्यांनी विचारलं नाही," इंदू म्हणाली,
आणि माझ्याकडे बघितलं,
जणू विचारायचं काम माझंही होतं.

डॉक्टर कोठावद्यांनी गोळी बदलली.
गुडघ्यासाठी व्यायाम दिला, तो ती करत नाही.
खोकला दुसऱ्या दिवशी गेला नाही,
तिसऱ्याही नाही; मला वाटलं, फसलो.
तीन आठवड्यांनी एका रात्री
मी दचकून उठलो.
कशानं, ते कळेना.
रेल्वेची शिट्टी लांब गेली,
आणि खोलीत नुसता तिचा श्वास.

नव्या गोळीचा कागद मी आधीच वाचला,
इस्त्री फिरवून सपाट केला.
त्यात लिहिलंय: घोट्यांना सूज येऊ शकते.
येऊ शकते, येईलच असं नाही;
या दोन शब्दांमधलं अंतर
शिकायला मला फार वेळ लागला.

आता रोज संध्याकाळी
जेल रोडला फिरायला निघताना
ती चपला घालते, मी वाकून बघतो.
"चाळीस वर्षांत कधी माझे पाय बघितले नाहीत," ती म्हणते.
मी अंगठ्यानं हलकेच दाबतो, सोडतो,
खळगा पडतो का पाहतो.

नाही.
जोडव्यांची जुनी खूण तेवढी आहे.